ज्याला जाब विचारता येतो



कीर्तनाला उभे राहणे मी थांबवले त्याला आता काही वर्षे झाली. गुडघे उभे राहू देत नाहीत आणि आवाज वरच्या पट्टीत जात नाही. तरी तरुण कीर्तनकार मंडळी येत-जात असतात, हे पांडुरंगाचे देणे. पूर्वी आलेला मुलगा विचारायचा, या चरणाला प्रमाण कोणते द्यावे, हा दृष्टांत ज्ञानेश्वरीत कितव्या अध्यायात आहे, ही चाल कोणत्या फडाची. अलीकडे वेगळाच प्रश्न जास्त येतो. "महाराज, विषय लोकांपर्यंत पोचवायचा तर फोनवर दिसायला हवे. माणसे जोडायला हवीत. आपल्या शब्दाला वजन यायला हवे. यात वावगे काय आहे?"

प्रश्न प्रामाणिक आहे. म्हणून त्याला "कलियुग आले" एवढे बोलून वाटेला लावता येणार नाही. माणसे जोडणे हे संतांनीच शिकवले. नामदेवराय पंढरपुराहून पंजाबात घुमानपर्यंत गेले, तेथल्या लोकांना त्यांनी आपलेसे केले आणि त्यांची पदे आज गुरू ग्रंथ साहिबात आहेत. शब्दाला वजन असावे असे वाटण्यातही पाप नाही. ज्याच्या शब्दाला वजन नाही त्याने कीर्तनाला उभे तरी कशाला राहावे? तेव्हा फोनवर जे जोडले जाते ते नाते कोणत्या जातीचे आणि तेथे जे वजन मिळते ते कशाच्या जोरावर मिळते, एवढेच तपासायचे आहे. आपण मिळून तपासू.

आधी गुण सांगतो, कारण गुण न सांगता दोष काढणे ही निंदा होते.

२०२० साल आठवा. महामारीमुळे पायी वारी झाली नाही. आळंदीच्या आणि देहूच्या पादुका दशमीला एसटीच्या बसमधून पंढरीला गेल्या. पुढच्या वर्षीही तेच. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या वारी, त्यांना उंबऱ्यात बसून राहावे लागले. त्या दोन वर्षांत फोनच्या पडद्यावर प्रस्थान पाहून घराघरांत माणसे रडली आहेत. ते अश्रू खोटे होते असे कोण म्हणेल? त्याच्याही आधी, २०११ पासून, काही तरुणांनी 'फेसबुक दिंडी' चालवली. पालखी आज कोठे आहे, रिंगण कसे झाले, हे चालू न शकणाऱ्यांना कळावे हा हेतू. पुढे तिला पाणी वाचवण्यासारख्या, नेत्रदानासारख्या विषयांची जोड मिळाली. आणि गाडगेबाबांचे एक कीर्तन १९५६ साली, म्हणजे बाबांच्या शेवटच्या वर्षी, मुंबईत वांद्र्याला ध्वनिमुद्रित झाले होते. ते आज कोणीही फोनवर ऐकू शकतो. यंत्र नसते तर तो आवाज आमच्या नातवंडांच्या कानी कोठून पडला असता? तेव्हा यंत्राशी आपले वैर नाही.

आता आपल्या संप्रदायात नाते कसे जुळते ते पाहू. वारीत पहिल्यांदा आलेला माणूस भेटला की आपण त्याच्या पाया पडतो आणि तोही आपल्या पाया पडतो. वय, जात, पैसा, विद्या काही विचारले जात नाही. दोघेही वाकतात, म्हणून कोणीच वर राहत नाही. त्यानंतर तो दिंडीत लागतो. दिंडीला क्रम असतो. माउलींच्या रथापुढे सत्तावीस दिंड्या आणि बाकीच्या मागे, प्रत्येकीची जागा ठरलेली. दिंडीत विणेकरी कोण, पखवाज कोणाकडे, पाण्याचा हंडा कोणाच्या डोक्यावर, हेही ठरलेले. एखादा माणूस संध्याकाळी मुक्कामाला दिसला नाही तर पंगतीत त्याचे पान रिकामे दिसते आणि कोणीतरी कंदील घेऊन शोधायला निघते. नाते म्हणजे तरी काय? आपण नसलो तर जिथे उणे भासते, ते नाते.

याच वारीतला एक रिवाज मला फार मोलाचा वाटतो. मुक्कामी पालखी तळावर आली की समाजआरती होते. दिंड्या गोलाकार उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार चोप उंचावतात आणि बघता बघता हजारो टाळ थांबतात. मात्र ज्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असेल ती दिंडी टाळ थांबवत नाही. सगळा तळ शांत आणि एका कोपऱ्यात टाळ वाजतोय, म्हणजे तेथे कोणावर तरी अन्याय झाला आहे. चोपदार त्या दिंडीपाशी जातात, गाऱ्हाणे ऐकून घेतात, समजूत काढतात, मग तो टाळ थांबतो. त्यानंतर हरवल्या-सापडल्या वस्तू पुकारल्या जातात, दुसऱ्या दिवशी निघण्याची वेळ सांगितली जाते आणि आरती होते. काय व्यवस्था आहे पाहा! लाखोंचा समाज एका दिंडीच्या गाऱ्हाण्यासाठी आरती थांबवून धरतो. मोठ्यातल्या मोठ्याला लहानातला लहान जाब विचारू शकतो आणि तोही देवासमोर, सर्वांच्या साक्षीने.

कीर्तनातही हेच आहे. गादीवर उभा राहणारा एकटा नसतो. त्याच्या पाठीशी टाळकरी उभे असतात. त्यांच्यात एखादा तरी असा असतो की ज्याला गाथा मुखोद्गत आहे. महाराजांनी प्रमाण चुकीचे म्हटले तर तो ते बरोबर करून उचलतो. महाराजांना कळते, पुढच्यांनाही कळते. समोर पहिल्या रांगेत खांबाला टेकून बसलेले म्हातारे असतात. कीर्तन संपले की बुक्का लावून घेता घेता ते हळूच म्हणतात, "महाराज, ते अमुक संतांचे म्हणून सांगितलेत, ते मला कोठे सापडले नाही." आणि पुढच्या वर्षी त्याच गावात, त्याच सप्ताहाला, त्याच म्हाताऱ्यासमोर पुन्हा उभे राहायचे असते. कीर्तनकाराच्या जिभेला लगाम लागतो तो त्यामुळे. आमच्या गुरुजनांनी आळंदीला पाठांतर करून घेतले, माधुकरी मागायला लावली, ती काही नुसती विद्येसाठी नव्हती. ज्याच्या दारात झोळी घेऊन उभे राहायचे, त्याला उत्तर द्यायची सवय लागावी म्हणूनही ती होती.

आता फोनकडे वळू. तेथे माणसे मोजली जातात, हा पहिला फरक. फेसबुक एका माणसाला पाच हजारांच्या वर मित्र करू देत नाही. मला हे कळले तेव्हा हसू आले, कारण ज्याला पाच हजार मित्र असतात त्याला अडीअडचणीला खांदा देणारे पाच तरी आहेत का, हे फेसबुक विचारत नाही. यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे मिळायचे तर एक हजार सदस्य आणि वर्षभरात चार हजार तासांचे पाहणे लागते, हा हिशेब मला एका मुलाने तोंडपाठ म्हणून दाखवला. त्याला हरिपाठही तितकाच पाठ असेल, असे मी धरून चालतो. पण या हिशेबाचा अर्थ काय होतो? पाहणारा जितका वेळ थांबला तितका माल खपला. तो का थांबला, याला किंमत नाही. नामात रंगून थांबला काय आणि कोणाची फजिती पाहायला थांबला काय, दोन्हींचे तास सारखेच धरले जातात.

याचा परिणाम कीर्तनाच्या अंगावर कसा होतो तो पाहा. वारकरी कीर्तन म्हणजे एक अभंग. त्याचा एकेक चरण सोडवायचा, त्याला संतांचे प्रमाण द्यायचे, टाळकऱ्यांनी ते उचलायचे, मध्ये नामाचा गजर करायचा आणि फिरून मूळ चरणावर यायचे. दीड-दोन तास हा प्रवास चालतो. श्रोता दिवसभराच्या कामाने थकलेला असतो, म्हणून मध्ये एखादा चुटका सांगायचा. पानात जसे चिमूटभर मीठ आणि लोणच्याची फोड, तसा तो चुटका. आता फोनवर मिनिटाभराचा तुकडा चालतो. तेव्हा काय होते? वरण, भात, पोळी सगळे ताटात राहते आणि लोणचे तेवढे उचलून जगाला वाढले जाते. पाहणारा म्हणतो, "महाराजांचे जेवण फार झणझणीत!" बिचाऱ्याने जेवण पाहिलेलेच नाही.

तुकडा कापणारा दुसराच कोणी असतो, अशी तक्रार कीर्तनकार करतात. ती खरी आहे. पण आता गोष्ट त्याच्याही पुढे गेली आहे. काही तरुण मंडळी कीर्तन रचतानाच तुकडा डोळ्यांसमोर ठेवतात. कोणत्या वाक्याला टाळी पडेल, सुनेला कोठे टोला मारायचा, पोरींच्या कपड्यांवर काय बोलायचे, पुढाऱ्याचे नाव कोठे घ्यायचे, हे आधी ठरते आणि मग त्याला जुळेल असा अभंग शोधला जातो. पूर्वी अभंगासाठी दृष्टांत असे, आता दृष्टांतासाठी अभंग आला. नीट ऐका, त्या तुकड्यांत देवाचे नाव किती वेळा येते? टाळकरी दिसतात, पण पाठीमागच्या पडद्यासारखे. प्रमाण चुकले तरी ते उचलून बरोबर करायला त्या मिनिटात जागाच नाही.

आणि सप्ताह? आमच्या खोऱ्यात गावोगाव अखंड हरिनाम सप्ताह होतात. पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरी पारायण, दुपारी गाथा भजन, सायंकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, त्यानंतर जागर आणि आठही दिवस अखंड वीणा. पूर्वी महाराज ठरवताना गावकरी विचारत, "बोलावणे पाठवले तर येतील ना? पंगतीला बसतील ना?" आता विचारतात, "किती व्ह्यूज आहेत?" मोठे नाव आणायचे म्हणून वर्गणी वाढते, मोठा पडदा लावला जातो, थेट प्रक्षेपण होते. कीर्तनाच्या रात्री मांडव भरतो. पण मध्यरात्रीनंतरच्या वीणेच्या पहाऱ्याला माणूस मिळता मिळत नाही. सप्ताहाचा प्राण त्या पहाऱ्यात आहे. कोणी पाहत नाही तेव्हाही वीणा खाली ठेवायची नाही, हाच त्याचा धडा.

हे फक्त कीर्तनापुरते नाही. आमचे गुंजवणे राजगडाच्या पायथ्याशी आहे. नसरापूर फाट्यावरून आत वळले की मार्गासनी, साखर आणि पुढे गुंजवणे. येथून चोरदरवाजाची वाट पद्मावती माचीवर जाते. पावसाळ्यात शनिवार-रविवारी गाड्यांची रीघ लागते. पुष्कळ मुले रील पाहून येतात. येऊ देत. शिवछत्रपतींनी जेथून पंचवीस वर्षांच्या आसपास राज्य चालवले तो गड त्यांनी पाहावा. त्यांच्यामुळे दोन घरांत पिठले-भाकरीचे चार पैसेही येतात. पण एक लक्षात घ्या. रीलमध्ये माचीवरचा ढग दिसतो, निसरडा कातळ दिसत नाही. "पाऊस फार आहे, आज या वाटेने जाऊ नका" असे सांगतो तो पायथ्याचा माणूस. कारण वर कोणी घसरले तर खांद्यावर उचलून खाली आणायला त्यालाच जावे लागते. रील करणारा तोवर दुसऱ्या गडावर पोचलेला असतो. दोघांचाही शब्द त्या मुलाच्या कानी पडतो. वजन मात्र रीलच्या शब्दाला जास्त. ज्याच्यावर जबाबदारी नाही त्याला वजन, आणि ज्याच्यावर जबाबदारी आहे तो "गावातला कोणी म्हातारा".

माउली, येथे माझ्या म्हणण्याचा गाभा आहे. शब्दाला वजन येते ते नात्यातून आले पाहिजे आणि नात्यात जाब विचारण्याचा हक्क असला पाहिजे. फोन नाते न देता वजन देतो. बोलणारा कोण, तो पुन्हा भेटणार आहे का, चुकले तर त्याला कोठे गाठायचे, हे काही न कळता त्याचा शब्द आपल्या मनात घर करतो.

याची सर्वांत भयंकर किंमत आपल्या महाराष्ट्राने मोजली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी बाजारच्या दिवशी पाच भिक्षेकरी आले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते, बहुतेक सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढे भागातले. त्या दिवसांत मुले पळवणारी टोळी फिरते आहे अशा अफवा व्हॉट्सअॅपवरून गावोगाव पसरल्या होत्या. जमावाला या पाच जणांचा संशय आला आणि त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारण्यात आले. पाचही जण.

मंगळवेढे म्हणजे दामाजीपंतांचे, चोखोबांचे, कान्होपात्रेचे गाव. तेथली माणसे झोळी घेऊन फिरत फिरत शेकडो कोस जायची आणि परत यायची. नाथपंथाशी आपले नाते तर घरातले आहे. माउलींचे गुरू निवृत्तिनाथ, त्यांचे गुरू गहिनीनाथ. एके काळी डवरी गोसावी दारात आला की आजी सूपभर धान्य घालायची आणि विचारायची, "यंदा उशीर केलास रे?" तो वर्षातून एकदा येई, पण येई. त्याचे तोंड ओळखीचे होते. राईनपाड्याला त्या पाच जणांची तोंडे कोणाच्या ओळखीची नव्हती, आणि फोनमध्ये आलेला निरोप मात्र ओळखीच्या नावाने आला होता. भाच्याने पाठवला, मेहुण्याने पाठवला, म्हणून खरा मानला. पण भाच्याने तो कोणाकडून घेतला? त्या कोणाने कोणाकडून? पहिला बोलणारा कोण? त्याला जाब विचारायला कोणता चोपदार जाणार? त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचांपेक्षा जास्त ठिकाणी पुढे पाठवता येणार नाही अशी मर्यादा घातली. बरे केले. पण कंपनीने घातलेली गाठ हाताला पडते, जिभेला आणि मनाला पडत नाही. ती आपली आपणच मारायची असते.

आता कोणी म्हणेल, "महाराज, तुमच्या मांडवात तरी कोण जाब विचारत होते?" हा आक्षेप खरा आहे आणि तो मी टाळणार नाही. २०२० साली एका नामांकित कीर्तनकारांचे मुलगा-मुलगी जन्माविषयीचे विधान यूट्यूबवरून लोकांनी पाहिले. राज्यभर वाद झाला आणि त्या महाराजांनी फेब्रुवारीतच जाहीर दिलगिरी व्यक्त केली. नाव घेत नाही, वाचकांना ठाऊक आहे. तेव्हा आपल्यातले अनेक जण म्हणाले, "तुकडा काढून दाखवला." असेल. पण जे विधान तुकड्यात चूक ते पूर्ण कीर्तनातही चूकच असते. मुलगी नको म्हणून गर्भ तपासणाऱ्यांच्या या काळात गादीवरून तसे बोलणे घातकच आहे. मग मांडवात टाळी का पडली? पहिल्या रांगेतला म्हातारा गप्प का राहिला? जाब विचारण्याचे काम आपण सोडले, म्हणून ते बाहेरच्याने केले. त्या एका प्रसंगी फोनने आपल्याला आरसा दाखवला, हे कबूल केले पाहिजे.

मात्र पुढे काय झाले तेही पाहा. फोनवर दोन तट पडले. एका तटाने शिव्या दिल्या, दुसऱ्याने त्यांना शिव्या दिल्या. प्रमाण काय, संतांची भूमिका काय, मुक्ताबाई-जनाबाईंना गुरुस्थानी मानणाऱ्या संप्रदायात हे बसते का, याची चर्चा किती जणांनी केली? तळावरचा टाळ गाऱ्हाणे ऐकून घेतल्यावर थांबतो. फोनवरचा टाळ थांबतच नाही, कारण तो वाजत राहण्यातच कोणाचा तरी धंदा आहे. म्हणून जाब मांडवातच विचारला गेला पाहिजे, प्रेमाने आणि वेळेवर. आपण तो विचारला असता तर प्रकरण चव्हाट्यावर गेलेच नसते.

मग वजन मिळवायचे तरी कसे? तेराव्या अध्यायात भगवंतांनी ज्ञानाची लक्षणे सांगताना पहिलीच दोन घेतली, अमानित्व आणि अदंभित्व. माउलींनी त्यांवर जे सांगितले ते तरुण कीर्तनकारांनी पुन्हा काढून वाचावे. ज्ञानी पुरुषाला मोठेपणाची भीती वाटते, बृहस्पतीएवढी बुद्धी असली तरी तो वेडेपणाच्या आड लपतो. आणि अदंभित्वाला दृष्टांत शेतकऱ्याचा. पेरलेले बी शेतकरी मातीने झाकतो, तसे ज्ञानी आपले दान-पुण्य झाकतो. आमच्या मावळात प्रत्येक घर भाताचे. राब भाजून, तरवा टाकून, चिखलात लावणी करून जगणाऱ्या माणसाला हा दृष्टांत समजावून सांगावा लागत नाही. बी उघडे टाकले तर सर्वांना दिसते खरे, पण पाखरेही तेच टिपतात. आज कोणी अन्नदान केले की ताट वाढतानाचा फोटो आधी निघतो. घेणाऱ्याचे तोंड फोटोत, देणाऱ्याचे नाव खाली. बी उघड्यावर पडले, पाखरांचे पोट भरले. पीक कोठून येणार?

याचा अर्थ कीर्तनकाराने तोंड लपवून बसावे असा नाही. नाम मोठ्याने घ्यायचे असते, स्वतःला झाकायचे असते. तुकोबारायांनी कीर्तनकाराला घालून दिलेला नेम किती कडक आहे! जेथे कीर्तन करशील तेथे जेवू नकोस, कपाळी बुक्का लावून घेऊ नकोस, गळ्यात माळ घालून घेऊ नकोस, बैलाला वैरणसुद्धा मागू नकोस. आज तो नेम कोणाला पुरा पाळता येतो, हा प्रश्न वेगळा. पण त्यामागचा हेतू ध्यानात घ्या. ज्याच्याकडून काही घ्यायचे नाही त्याला खरे सांगता येते. ज्याच्या अंगठ्यावर आपली बेरीज अवलंबून आहे, त्याला कडू सत्य सांगायला जीभ अडखळते. गाडगेबाबा गावात आले की आधी झाडू घेऊन गाव झाडायचे आणि मग रात्री कीर्तन करायचे. त्यांच्या शब्दाला जे वजन होते ते त्या झाडूचे होते. ज्याने आपल्या दारातली घाण काढली त्याने आपल्याला चार शब्द सुनावले तर ते ऐकून घ्यावेच लागतात.

आणखी एक पाहा. आमच्या गावची गुंजवणी नीरेला मिळते. त्याच नीरेत माउलींच्या पादुकांना स्नान घडते, पुढे सराटीला तुकोबारायांच्या पादुकांनाही. नीरा नरसिंगपुरास भीमेला मिळते आणि भीमा पंढरीला जाऊन चंद्रभागा होते. आमच्या डोंगरावरचे पाणी असे देवापर्यंत पोचते. त्या वाळवंटात उभे राहून "हे गुंजवणीचे पाणी" असे कोणी म्हणत नाही, म्हणून ते पोचले नाही असे होत नाही.

आता तरुणांना कामाच्या चार गोष्टी सांगतो, कारण नुसती टीका करून उपयोग नाही.

कीर्तन फोनवर घालायचे तर पूर्ण घाला. अभंग कोणाचा, कीर्तन कोणत्या गावी, कोणत्या तिथीला झाले, हे सोबत लिहा. म्हणजे ऐकणाऱ्याला तुम्हाला आणि त्या गावाला विचारता येईल. कोणी चूक दाखवली तर त्याला गप्प करू नका. दिंडीचा टाळ समजून त्याच्यापाशी जा आणि आधी ऐकून घ्या.

जे वाक्य समोर बसलेल्या आईबहिणीच्या डोळ्यांत पाहून बोलवत नाही, ते फोनच्या डोळ्यात पाहूनही बोलू नका.

ज्याचा पहिला बोलणारा ठाऊक नाही असा निरोप पुढे पाठवू नका, मग तो कितीही पुण्यवान दिसो. "अकरा जणांना पाठवा, शुभवार्ता कळेल" असल्या निरोपांना आपल्या संप्रदायात कसलेही प्रमाण नाही. अनोळखी माणसाविषयी भीती घालणारा निरोप आला तर राईनपाडा आठवा आणि बोट मागे घ्या. गावात अनोळखी माणूस दिसला तर त्याला पाणी द्या आणि गाव विचारा. ओळख तेथूनच सुरू होते.

गावाचा, फडाचा, दिंडीचा गट फोनवर जरूर ठेवा. एकादशीचे भजन कोणाकडे, काकड्याला कोण येणार, कोणाला दवाखान्यात न्यायचे आहे, यासाठी त्याच्याइतके सोयीचे काही नाही. पण त्या गटातला एखादा चार दिवस बोलला नाही तर त्याला फोनवर फूल पाठवू नका, त्याच्या घरी जा. पुण्यात, मुंबईत, परदेशात असेल तर निदान आवाजाने बोला. पान रिकामे दिसले की उठून शोधायला जाणे हीच वारीची रीत आहे, ती फोनमध्येही पाळता येते.

आणि सप्ताह कमिट्यांना विनंती. महाराज ठरवताना तीन प्रश्न विचारा. पुढच्या वर्षी बोलावले तर हे पुन्हा येतील का? कीर्तनानंतर दहा मिनिटे पारावर बसून म्हाताऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे देतील का? गावातल्या एखाद्या मुलाला चार अभंग, दोन चाली शिकवून जातील का? या तिन्हींना 'हो' येत असेल तर त्यांना किती लोक पाहतात ते विचारायची गरज नाही. मानधनात जे वाचेल त्यातून गावातल्या मुलांसाठी एक पखवाज घ्या.

वाचक माउली, हा लेख आपण कदाचित कोणाच्या फोनवरच वाचत असाल. कोणीतरी पानाचा फोटो काढून पाठवला असेल. हरकत नाही. मात्र यात काही चुकीचे आढळले तर मला पत्र लिहा, किंवा राजगडाच्या बाजूला आलात तर गुंजवण्यात कोणालाही माझे घर विचारा. तो हक्क आपला आहे आणि उत्तर देणे हे माझे काम आहे. येत्या एकादशीला आपल्या गावी कीर्तन असेल तर फोन घरी ठेवून जा, पहिल्या रांगेत बसा, आणि एखादे प्रमाण खटकले तर कीर्तन संपल्यावर, पाया पडून झाल्यावर, महाराजांना हळूच विचारा.

राम कृष्ण हरी.